पिल्लू आणायचं, पण कितव्या आठवड्यात?

या वेळच्या टपालात कुत्र्याच्या पिल्लांच्या वयाबद्दलच इतकी पत्रं होती की अख्खा स्तंभ त्यांनाच दिला आहे. एकाच मुद्द्यावरची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : आम्ही एक पिल्लू बघून ठेवलं आहे. वय ४५ दिवस. देणारे म्हणतात, “आता स्वतःचं स्वतः खातंय, घेऊन जा. जितकं लहान न्याल तितका लळा लागेल.” आणू का?

नको. अजून निदान ११ दिवस तिथेच राहू द्या. ४५ दिवस म्हणजे जेमतेम साडेसहा आठवडे. पिल्लाला हलवायचं वय सुरू होतं ८ आठवड्यांना, म्हणजे ५६ दिवसांना. अनेक देशांत याहून लहान पिल्लू विकायला कायद्यानेच मनाई आहे.

“स्वतःचं स्वतः खातं” हा पिल्लं देणाऱ्यांचा ठरलेला दाखला, आणि तो खोटाही नसतो. चौथ्या आठवड्याच्या सुमारास पिल्लं पातळ खाणं चाटायला लागतात आणि सात-आठ आठवड्यांपर्यंत आईचं दूध सुटतं. चूक आहे ती पिल्लू आईजवळ फक्त दुधासाठी असतं असं समजण्यात. पाचव्या आठवड्यानंतर दूध मागे पडतं आणि शिकवणी सुरू होते.

भावंडं दिवसभर एकमेकांचे कान, शेपट्या, पाय धरून ओढत असतात. जबड्यात जोर नसतो, पण दात टाचणीसारखे, त्यामुळे इजा फारशी न होता दुखतं मात्र सणसणीत. जोरात चावलं की समोरचं केकाटतं आणि खेळ सोडून निघून जातं. आचळाला दात लागला की आई गुरगुरते, उठून बाजूला होते. दिवसातून कितीतरी वेळा असं घडलं की पिल्लाला दात आवरायचे कुठे ते उमगतं. शिवाय आई मागितल्याबरोबर पाजत नाही, झिडकारते. तिथे पिल्लू थांबायला शिकतं. सहाव्या आठवड्यात उचललेल्या पिल्लाला हे धडे माणसाने द्यायचे म्हटलं तर देता येतात, पण हाताला भोकं पडत पडत, आणि भावंडांची सर येत नाहीच.

इटलीतल्या पशुवैद्यकांनी २०११ साली १४० कुत्र्यांची तुलना प्रसिद्ध केली. निम्मी ३० ते ४० दिवसांची असताना आईपासून तोडलेली, निम्मी दोन महिन्यांनी. लवकर तोडलेल्यांत उगाच भुंकणं, आवाजाला दचकणं, फिरायला नेल्यावर घाबरणं, खाण्यावर किंवा खेळण्यावर गुरगुरणं आणि वस्तू फाडणं जास्त आढळलं. अशा तक्रारी घेऊन येणारे मालक सहसा जातीला दोष देतात. पिल्लू कितव्या दिवशी आणलं, हे विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

आता लळ्याचं. माणसाशी नातं जुळायचा काळ तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत असतो. १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात काही पिल्लं उंच कुंपणाच्या मैदानात, माणसाच्या संपर्काशिवाय वाढवली होती. ज्यांना १४ आठवड्यांपर्यंत माणूस भेटलाच नाही, ती जवळपास रानटी राहिली. ज्यांना त्याआधी, पाच ते नऊ आठवड्यांच्या दरम्यान, माणसाबरोबर वेळ मिळाला होता, ती सहज माणसाळली. म्हणजे आठव्या आठवड्यात तुमच्या हाती अजून भरपूर काळ असतो. सहाव्यात आणून लळा वाढत नाही.

तेव्हा पैसे देऊन पिल्लू राखून ठेवा आणि मधल्या दिवसांत दोनदा जाऊन बघा. बघायचं ते असं : आई पिल्लांजवळ आहे का, झोपायची आणि शू करायची जागा वेगळी आहे का, मिक्सर, पंखा, दारावरची घंटा, लहान मुलं यांचे आवाज पिल्लांच्या कानावर पडतात का, रोज कोणी हातात घेतं का. जंताचं औषध दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या आणि आठव्या आठवड्याला दिल्याच्या तारखा मागा. गोलकृमी आईच्या पोटातूनच पिल्लात उतरतात, त्यामुळे “आमच्याकडे स्वच्छता असते, औषध लागत नाही” हे उत्तर चालणार नाही.

एक अपवाद मात्र आहे. आईला चौथ्या आठवड्यातच वेगळं केलं असेल आणि पिल्लं अंधाऱ्या खोलीत कोंडलेली असतील, तर तिथले ते ११ दिवस कामाचे नाहीत. पण अशा ठिकाणाहून पिल्लू लवकर आणण्यापेक्षा न आणलेलं बरं.

प्रश्न : मग उलट का करू नये? सगळ्या लसी १६ आठवड्यांना पूर्ण होतात. तोवर पिल्लू तिथेच राहू द्यावं, किंवा आणलं तरी घराबाहेर काढू नये, असं शेजारी सांगतात.

शेजारी अर्धं बरोबर सांगतात, म्हणूनच हा प्रश्न अवघड आहे. पिल्लाच्या अंगात दोन घड्याळं चालू असतात आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत.

पहिलं रोगप्रतिकाराचं. जन्मल्यावर पहिल्या २४ तासांत आईच्या चिकातून पिल्लाला तयार प्रतिपिंडं मिळतात. ती हळूहळू उतरत जातात आणि सहाव्या ते सोळाव्या आठवड्याच्या दरम्यान कधीतरी संपतात. नेमकी कधी, हे एकाच वेताच्या दोन पिल्लांतही वेगळं असतं. ती भरपूर असतात तोवर लशीतला विषाणूही मारून टाकतात, म्हणजे लस टोचूनही वाया जाते. वाईट म्हणजे मधे असे काही दिवस येतात की प्रतिपिंडं खऱ्या पारवोला (पिल्लांना उलट्या-जुलाबांनी घायाळ करणारा विषाणू) थोपवायला अपुरी आणि लशीला मात्र पुरून उरणारी. ते दिवस कुठले हे बाहेरून कळत नाही. म्हणून सहा ते आठ आठवड्यांना सुरुवात करून दर दोन ते चार आठवड्यांनी लस द्यायची आणि शेवटचा डोस १६ आठवडे पूर्ण झाल्यावर. अनेकांना वाटतं की तीन डोस झाले म्हणजे काम झालं. सहा, नऊ आणि बारा आठवड्यांना दिलेले तीन डोस तीन असूनही अपुरे पडू शकतात. डोस मोजू नका, शेवटचा डोस कितव्या आठवड्यात पडला ते बघा. त्यानंतर सहा महिन्यांना किंवा वर्षाला आणखी एक. रेबीजची लस बहुतेक ठिकाणी १२ आठवड्यांपासून देतात, तिचं वेळापत्रक तुमचे पशुवैद्य सांगतील.

दुसरं घड्याळ भीतीचं. बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू नव्या गोष्टीकडे कुतूहलाने जातं. त्यानंतर न पाहिलेलं ते धोक्याचं, असा हिशेब मेंदूत पक्का होत जातो. लसी पूर्ण होईपर्यंत घरात कोंडलेलं पिल्लू पारवोपासून वाचतं, पण १६ आठवड्यांनी रस्त्यावर पाऊल ठेवतं तेव्हा स्कूटर, छत्री, टोपीवाला माणूस, काठी टेकत चालणारे आजोबा, सगळंच अंगावर आल्यासारखं वाटतं. पुढे चावायची सवय लागलेली बरीच कुत्री मुळात भित्री असतात.

दोन्ही सांभाळायचा मार्ग आहे. आठव्या-नवव्या आठवड्यात घरी आणा. पहिली लस देऊन सात ते दहा दिवस झाले की रोज बाहेर न्या, पण कडेवर किंवा पिशवीत. जमिनीला पाय लावायचा नाही तो जिथे अनोळखी कुत्री हगतात-मुततात तिथे : बागा, रस्त्याच्या कडा, कचऱ्याच्या जागा आणि दवाखान्याची फरशीसुद्धा. दवाखान्यात पिल्लू मांडीवरच हवं. ज्यांच्या कुत्र्याच्या लसी पूर्ण आहेत आणि कुत्रं शांत आहे, त्यांच्या घरी खेळायला न्यायला हरकत नाही. दिवसाला दोन नव्या गोष्टी पुरतात, प्रत्येकी पाच मिनिटं. पिल्लू जांभया द्यायला लागलं, ओठ चाटायला लागलं, शेपूट पायात घातली, की अंतर वाढवा. ओढून जवळ नेऊ नका. आठ ते अकरा आठवड्यांत पिल्लं मुळातच जरा हळवी असतात, या दिवसांतला एखादा मोठा धसका पुढे बराच काळ टिकतो. फटाके, भांडखोर कुत्रं, नखं कापताना झालेली ओढाताण या दिवसांत टाळाच.

पारवोची लक्षणं पाठ असू द्या : पिल्लू एकदम मलूल, खाणं बंद, उलट्या, मग घाण वासाचे, पुष्कळदा रक्त मिसळलेले जुलाब. “उद्या सकाळी बघू” म्हणण्याइतका वेळ त्यात नसतो. घरात आधी पारवो होऊन गेला असेल तर नवं पिल्लू आणण्यापूर्वी फरशी साबणाने धुऊन, मग एक भाग घरगुती ब्लीच आणि तीस भाग पाणी असं मिश्रण दहा मिनिटं ओलं राहील असं लावा. फिनाइलवर भरवसा ठेवू नका. मातीत हा विषाणू कित्येक महिने टिकतो आणि मातीला ब्लीच लागू पडत नाही, तेव्हा अंगण असेल तर लसी पूर्ण झालेलं मोठं पिल्लूच आणावं.

प्रश्न : आम्हाला चिवावा हवा आहे. ज्यांच्याकडे वेत आहे ते १२ आठवड्यांच्या आत पिल्लू देत नाहीत. उरलेलं पिल्लू खपवण्यासाठी तर असं सांगत नसतील?

उलट, जाणकार माणूस भेटला आहे. चिवावा, यॉर्कशायर टेरिअर, पॉमेरेनिअन अशा इटुकल्या जातींत पिल्लाच्या यकृतात साखरेचा साठा अगदी थोडा असतो. चार-सहा तास पोटात काही गेलं नाही, प्रवासाचा ताण आला किंवा थंडी वाजली की रक्तातली साखर झपाट्याने उतरते. पिल्लू डुलतं, पाय लटपटतात, अंग थरथरतं, मग झटका येतो. तीन महिन्यांपर्यंत हा धोका जास्त, म्हणून या जातींसाठी १० ते १२ आठवडे हेच योग्य वय.

आणल्यावर पहिले पंधरा दिवस दर चार तासांनी थोडं थोडं खायला द्या, आणि झोपण्यापूर्वी एकदा नक्की. पिल्लू डुलताना दिसलं तर मध किंवा साखरेचा पाक बोटाने हिरड्यांना चोळा आणि तसंच दवाखान्यात न्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही ओतू नका, ते फुप्फुसात जातं.

मात्र चार आठवडे जास्त ठेवलं म्हणजे त्या चार आठवड्यांत पिल्लाने माणसं आणि आवाज पाहिले पाहिजेत. तेवढं विचारून घ्या.

प्रश्न : सांगितलेलं वय खरं आहे हे ओळखायचं कसं?

तोंड उघडून बघा. पिल्लाला दुधाचे दात २८ असतात : वर-खाली मिळून पुढचे बारीक १२, सुळे ४ आणि मागचे १२. सुळे आणि पुढचे दात साधारण तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात येतात, मागचे पाचव्यापासून आठव्यापर्यंत. तेव्हा “आठ आठवडे पूर्ण” म्हणणाऱ्याच्या पिल्लाच्या मागच्या हिरड्या मोकळ्या असतील किंवा दातांची टोकं नुकती डोकावत असतील, तर हिशेबात गडबड आहे. इटुकल्या जातींत दात उशिरा येतात, तिथे थोडी सूट द्या. उलट बाजूने, पुढच्या मधल्या दुधाच्या दातांच्या जागी मोठे, रुंद दात दिसले तर पिल्लू तीन महिने ओलांडून गेलं आहे.

डोळ्यांचा निळसर रंग आणि डुलती चाल याही खुणा आहेत. चार आठवड्यांचं पिल्लू चालताना भेलकांडतं, आठ आठवड्यांचं पळतं, वळतं, पायरीवर चढायचा प्रयत्न करतं. वजनावरून वय काढू नका. एकाच वेतात सगळ्यांत मोठ्या आणि सगळ्यांत लहान पिल्लात खूप फरक असू शकतो. लशीच्या पुस्तिकेत तारीख, लशीच्या बाटलीवरची चिकटपट्टी आणि डॉक्टरांची सही या तिन्ही गोष्टी हव्यात. नुसती हाताने लिहिलेली तारीख म्हणजे कोणी लिहिली देव जाणे.

प्रश्न : आई नसलेली तीन पिल्लं सापडली. चालतात, डोळे उघडे आहेत, साधारण चार आठवड्यांची असावीत. आठ आठवडे थांबायचा प्रश्नच नाही. गाईचं दूध देत आहोत, पण जुलाब होत आहेत. दोघे शेजारी एकेक पिल्लू न्यायला तयार आहेत.

आधी शेजाऱ्यांना थांबवा. आई गेली तरी भावंडं आहेत, आणि वर सांगितलेल्या चावण्याच्या शिकवणीतला मोठा वाटा भावंडांचाच असतो. तिघं आठ आठवड्यांपर्यंत एकत्र राहू द्यात. शेजाऱ्यांनी रोज येऊन खेळवावं, तेही कामाचंच आहे. घरात लसी झालेलं, समजूतदार मोठं कुत्रं असेल तर नजरेखाली त्यांच्यात सोडा. ते आईसारखी दटावणी करतं.

गाईच्या दुधात लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, कुत्रीच्या दुधापेक्षा जास्त असतं, म्हणून जुलाब. आणि प्रथिनं व स्निग्धांश जवळपास निम्मे, म्हणून पोट भरूनही पिल्लू वाढत नाही. पाणी घालून दूध पातळ केलं तर जुलाब कमी होतील, पण उपासमार वाढेल. पिल्लांसाठी मिळणारी दूध पावडर डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात कोमट पाण्यात कालवा. चार आठवड्यांच्या पिल्लांना आता बाटलीची गरज नाही, पसरट ताटली चालते. पिल्लांचं कोरडं खाणं एक भाग, कोमट पाणी किंवा हे दूध तीन भाग, वीस मिनिटं भिजवून लापशीसारखं करा. दिवसातून पाच वेळा द्या. दर तीन-चार दिवसांनी पाणी कमी करत सात-आठ आठवड्यांपर्यंत कोरड्यावर आणा. प्यायचं पाणी शेजारी ठेवा, पण उथळ भांड्यात.

पिल्लू गार लागत असेल तर आधी ऊब द्या, मग खाणं. गारठलेल्या पिल्लाचं आतडं चालत नाही, पोटातलं खाणं तसंच राहून आंबतं. गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून एका कोपऱ्यात ठेवा, म्हणजे उकडलं तर पिल्लाला लांब जाता येईल. बाटलीने पाजायची वेळ आलीच तर पिल्लू पोटावर, मान किंचित वर. तान्ह्या बाळासारखं उताणं धरून पाजलं की दूध श्वासनलिकेत जातं आणि न्यूमोनिया होतो. नवख्या हातून सगळ्यांत जास्त होणारी चूक हीच.

तिघांची रोज एकाच वेळी वजनं करा आणि लिहून ठेवा. दोन दिवस वजन वाढलं नाही तर दवाखाना गाठा. जंताचं औषध वजनावर ठरतं, ते डॉक्टरांकडूनच घ्या. आईचा चीक मिळाला होता की नाही हे कळायला मार्ग नाही, त्यामुळे पहिली लस सहा आठवड्यांना लागलीच द्या. तोवर बाहेरची कुत्री हाताळून आलात तर हात धुऊन आणि चपला बाहेर काढूनच पिल्लांजवळ जा.

प्रश्न : पाच महिन्यांचं पिल्लू मिळत आहे. फार मोठं झालं का?

वयाने नाही. पण हे पाच महिने ते कुठे होतं? घरात माणसांत वाढलं असेल तर ते आठ आठवड्यांच्या पिल्लापेक्षा सोपं : दुधाचे दात पडत आलेले, रात्रभर शू धरून ठेवतं, लसी झालेल्या. पिंजऱ्यातच वाढलं असेल तर बघायला जाताना तीन गोष्टी करा. अनोळखी म्हणून जमिनीवर बसा आणि ते स्वतःहून किती वेळात जवळ येतं ते पाहा. किल्ल्या खाली पाडा : दचकून पुन्हा वास घ्यायला आलं तर ठीक, कोपऱ्यात जाऊन बसलंच तर पुढे बरीच मेहनत आहे. आणि त्याला पिंजऱ्याबाहेर, वेगळ्या जागी नेऊन पाहा. ओळखीच्या जागेत भित्रं पिल्लूही धीट दिसतं.

प्रश्न : आठ आठवड्यांचं पिल्लू येत्या रविवारी घरी येईल. पहिले दिवस कसे काढायचे?

सकाळी आणा, म्हणजे रात्र होईपर्यंत घर ओळखीचं होतं. प्रवासाच्या आधी दोन-तीन तास खाणं नको, नाहीतर गाडीत उलटी होते. येताना आई-भावंडांच्या अंगाखालचं फडकं न धुता मागून घ्या आणि तिथे जे खाणं चालू होतं त्याची आठवड्याभराची शिधाही. जागा बदलली, माणसं बदलली, त्यात खाणंही बदललं की पोट बिघडणारच. खाणं बदलायचं असेल तर आठवड्याने सुरुवात करून पुढच्या सात दिवसांत पाव, निम्मं, पाऊण असं बदला. तीन महिन्यांपर्यंत दिवसाला चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन, मग दोन.

शूचा अंदाज : जितके महिने वय, त्यात एक मिळवा, तितके तास. दोन महिन्यांचं पिल्लू म्हणजे जास्तीत जास्त तीन तास, आणि तेही झोपेत. जागं असताना झोपून उठल्याबरोबर, खाल्ल्यावर पंधरा मिनिटांत आणि खेळ थांबल्यावर नेऊन उभं करा. झाली की तिथल्या तिथे शाबासकी. घरात झाली तर गुपचूप पुसा. नाक घासण्याने पिल्लू एवढंच शिकतं की तुमच्यासमोर शू करायची नाही, मग ते सोफ्यामागे जातं.

रात्री रडतं ते हट्टाने नाही, जन्मात प्रथमच एकटं झोपलेलं असतं म्हणून. पहिल्या रात्री खोका किंवा क्रेट तुमच्या अंथरुणाला लागून ठेवा, हात आत सोडता येईल असा. आठ-दहा दिवसांत रोज हातभर लांब सरकवा. “एकदा रडू दिलं की आपोआप गप्प होतं” हा सल्ला सर्रास ऐकू येतो. गप्प होतं हे खरं, पण एकटं राहायची भीती तशीच आत राहते. रात्री मधे एक-दोनदा शूसाठी उठावं लागेल, तेव्हा दिवा मंद, बोलणं नाही, खेळ नाही.

चॉकलेट, मनुका आणि द्राक्षं, कांदा आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात ते गोड द्रव्य) घातलेलं च्युइंगम हे सगळं कुत्र्यांना विषारी, ते पिल्लाच्या तोंडाला लागणार नाही असं आधीच उचलून ठेवा.

प्रश्न : एकाच वेताची दोन पिल्लं आणली तर एकमेकांना सोबत होईल ना?

इतकी होईल की तुमची गरजच वाटणार नाही. आणायचीच असतील तर झोपणं, फिरणं आणि शिकवणं रोज काही वेळ वेगवेगळं करावं लागतं, म्हणजे काम दुपटीहून जास्त. पहिलं वर्षा-दीड वर्षाचं होऊन वळण लागल्यावर दुसरं आणा.

प्रश्न : मुलगी चार वर्षांची आहे. पिल्लू थोडं मोठं आणावं का?

आठ आठवड्यांचं चालेल, पण तीन-चार महिन्यांचं, मुलांमध्ये वाढलेलं मिळालं तर ते घ्या. लहान पिल्लाचे टाचणीदात आणि चार वर्षांच्या मुलीचं धावणं-किंचाळणं यांची जोडी चांगली नाही : ती पळाली की ते पाठीमागे लागतं आणि पिंढरीला चावतं. नियम एकच, तोही दोघांसाठी : मुलगी जमिनीवर मांडी घालून बसली असेल तरच पिल्लू तिच्या मांडीवर. उभ्याने उचलायचं नाही, कारण वळवळलेलं पिल्लू तिच्या हातातून नक्की निसटतं आणि या वयात पुढच्या पायाचं हाड तेवढ्या उंचीवरून पडूनही मोडतं.